वाऱ्याची दिशा आणि सापळ्याची जागा

शेळ्यामेंढ्यांच्या कळपावर पडणाऱ्या रानजनावरांचा बंदोबस्त कसा करावा, हा सर्वच पशुपालक प्रदेशांतील जुना प्रश्न आहे. उत्तर अमेरिकेत तो मुख्यतः कायोटी या जनावरामुळे आणि काही अंशी खोकडामुळे उत्पन्न होतो. तेथील मेंढपाळ व सापळेकरी यांनी दीर्घ अनुभवाने एक नियम बसविला आहे. तो असा की, सापळा कितीही चांगला असो, वाऱ्याचा विचार न करता लावलेला सापळा बहुधा रिकामाच राहतो. हा नियम कोणत्या कारणाने लागू पडतो आणि त्याचा आपल्याकडील पशुपालकास काय उपयोग आहे, याचे विवेचन प्रस्तुत पाठात केले आहे.

आरंभीच एक गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात ठेवावी. भारतात कोल्हा, खोकड अथवा लांडगा यांस सापळा लावणे हा कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा येथे दिलेली सापळ्याची माहिती अनुकरणासाठी नाही. ती वारा, गंध व जनावर यांचा परस्परसंबंध समजून घेण्यासाठी आहे. हा संबंध ज्यास समजला, तो सापळ्याविनाही आपला वाडा अधिक सुरक्षित ठेवू शकतो.

कायोटी व खोकड यांची ओळख

कायोटी हा श्वानकुळातील प्राणी असून आपला कोल्हा, लांडगा व पाळीव कुत्रा यांच्याच वंशातील आहे. आकाराने तो लांडग्याहून लहान व सामान्यतः कोल्ह्याहून थोर असतो. मूळचा तो अमेरिकेच्या पश्चिमेकडील गवताळ व कोरड्या प्रदेशातील. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत बंदूक, सापळा व विष या तिन्ही उपायांनी त्याचा मोठ्या प्रमाणावर संहार करण्यात आला. तरीही तो नामशेष झाला नाही. उलट आज तो अलास्कापासून पनामापर्यंत आढळतो. उंदीर, ससे, टोळ, फळे, मेलेली जनावरे असे मिळेल ते तो खातो आणि संधी मिळाल्यास कोकरू उचलतो.

मराठीत 'कोल्हा' व 'खोकड' या दोन नावांची पुष्कळदा गल्लत होते. कोल्हा अंगाने मोठा असून टोळीने ओरडतो. खोकड लहान, सडपातळ, झुबकेदार शेपटीचे असून माळावर बीळ करून राहते. अमेरिकेत ज्यासाठी सापळे लावतात ते मुख्यतः तांबडे व करडे खोकड होय. तांबडे खोकड आपल्या देशात हिमालयात व वायव्येकडील कोरड्या प्रदेशात सापडते. महाराष्ट्राच्या माळरानावर दिसते ते निराळ्या जातीचे आहे. आकार व वस्तीचे स्थान भिन्न असले, तरी या सर्व प्राण्यांची एक सवय समान आहे. डोळ्यांनी दिसण्यापूर्वी व कानांनी ऐकण्यापूर्वी पुष्कळ गोष्टी ते नाकाने जाणतात.

गंध कसा प्रवास करतो

कोणत्याही वासाच्या वस्तूपासून अतिसूक्ष्म कण सतत सुटत असतात. हवा अगदी स्थिर असेल तर ते त्या वस्तूभोवतीच घोटाळतात. वारा असेल तर ते वाऱ्याबरोबर एका दिशेने वाहत जातात. चुलीचा धूर जसा एका अंगास कलतो आणि पुढे जाता जाता रुंद व विरळ होतो, तसाच वासाचाही एक अदृश्य पट्टा तयार होतो. हा पट्टा अखंड नसतो. त्यात वासाचे दाट पुंजके व मध्ये मोकळ्या जागा असतात. म्हणून जनावरास वास एकसारखा न येता झुळकेझुळकेने येतो.

या पाठात दोन शब्द वारंवार येतील. वारा जेथून येतो ती 'वाऱ्याकडची बाजू' आणि वारा जेथे जातो ती 'वाऱ्याखालची बाजू'. वास नेहमी वाऱ्याखालच्या बाजूस जातो. जनावर वाऱ्याकडच्या बाजूस असेल, तर आमिष त्याच्यापासून दहा पावलांवर असूनही त्यास पत्ता लागणार नाही. तेच जनावर वाऱ्याखालच्या बाजूस असेल, तर पुष्कळ दूर असूनही ते थांबेल, नाक वर करील आणि वळेल.

वाऱ्याच्या वेगाचाही परिणाम होतो. मंद व एकाच दिशेने वाहणारा वारा सर्वांत अनुकूल होय. सोसाट्याच्या वाऱ्यात वास विखरून जातो, तर अगदी पडलेल्या हवेत तो पसरतच नाही. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते व वासही वर घेऊन जातो. याउलट रात्री जमीन थंड झाल्यावर हवेचा खालचा थर स्थिर होतो आणि वास जमिनीलगत रेंगाळतो. हवेतील व मातीतील ओलावा वासास पोषक असतो. मात्र जोराचा पाऊस तो धुऊन नेतो.

जनावर वारा कसा वापरते

पाळीव कुत्र्याच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशींची संख्या २० कोटींच्या वर मानली जाते. मनुष्याच्या नाकात ती सुमारे ५० ते ६० लाख असते. रानातील श्वानकुळातील प्राण्यांचे नाकही याच तोडीचे समजावे. असे जनावर सावजाच्या वा आमिषाच्या शोधात असते तेव्हा वासाच्या पट्ट्यात शिरताच ते वाऱ्याकडे तोंड करते आणि वासाच्या उगमाकडे चालू लागते. म्हणजेच ते वाऱ्याखालच्या बाजूने येते.

कायोटी याहून अधिक सावध असतो. संशयास्पद वस्तू दिसली तरी तो थेट तिच्याकडे जात नाही. तो लांबून वळसा घेतो, वाऱ्याखालच्या बाजूस पोहोचतो, तेथून वास घेतो आणि खात्री पटल्यावरच पुढे पाऊल टाकतो. माणसाचा, तेलाचा अथवा गंजलेल्या लोखंडाचा वास आला तर तो आल्या वाटेने परत फिरतो. आपल्या गावातील कुत्रे अनोळखी वस्तूभोवती कसे फिरते हे ज्याने पाहिले आहे, त्यास हे वर्तन नवे वाटणार नाही.

यावरून सापळेकऱ्यापुढील काम दुहेरी असते हे दिसून येईल. आमिषाचा वास जनावराच्या वाटेपर्यंत पोहोचला पाहिजे आणि सापळेकऱ्याचा स्वतःचा वास मात्र पोहोचता कामा नये. ही दोन्ही कामे वाराच करतो अथवा बिघडवितो.

मांडणीची रीत

अमेरिकेत या कामी पायसापळा वापरतात. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क राज्यातील ओनायडा येथे तयार होणारे सापळे फार प्रसिद्ध होते. आजच्या सापळ्याची मूळ रचना तीच आहे. त्यात दोन जबडे, ते मिटविणारी स्प्रिंग, मध्ये एक पत्री, आणि जमिनीत ठोकलेल्या मेखेस बांधलेली साखळी असते. पत्रीवर पाय पडताच जबडे मिटतात व पाय धरला जातो.

सर्वाधिक प्रचारात असलेली मांडणी 'बिळाची मांडणी' होय. कायोटी व खोकड उरलेले अन्न जमिनीत पुरून ठेवतात. एखाद्या जनावराने अन्न पुरले आहे असा भास निर्माण करणे हे या मांडणीचे तत्त्व आहे. जमिनीत तिरकस असे मूठभर रुंदीचे व वीतभर खोल बीळ करतात आणि त्यात आमिष व गंधद्रव्य ठेवतात. बिळाच्या पाठीमागे गवताचा झुबका, ढेकूळ अथवा दगड असतो. या आडोशामुळे जनावर मागून न येता समोरून येते. बिळाच्या तोंडासमोर, सुमारे वीतभर अंतरावर, उथळ खड्ड्यात सापळा घट्ट बसवून वर चाळलेल्या कोरड्या मातीचा पातळ थर देतात.

ही मांडणी वाऱ्याच्या संदर्भात कशी असावी? वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूपासून मोजले असता प्रथम आडोसा, नंतर बीळ, नंतर सापळा आणि शेवटी जनावराची वाट, असा क्रम यावयास हवा. असे केल्यास वास बिळातून निघून सापळ्यावरून वाटेवर जातो. वाटेने जाणारे जनावर वासाचा मागोवा घेत वाऱ्याकडे वळते आणि बिळाच्या तोंडाशी येताना त्याचा पाय नेमका सापळ्याच्या जागी पडतो. क्रम उलटा झाल्यास जनावर आडोशाच्या मागून येते, पाठीमागून उकरून आमिष काढते व निघून जाते. सकाळी सापळेकऱ्यास बीळ उकरलेले व सापळा जसाच्या तसा आढळतो. जनावर फार धूर्त आहे असे तो म्हणतो. वास्तविक दोष त्याच्या मांडणीचा असतो.

दुसरी रीत 'मूत्रखुणेची मांडणी' ही होय. श्वानकुळातील प्राणी झुडूप, खुंट, दगड अशा ठिकाणी मूत्र सोडून आपली हद्द सांगतात. अशा खुणेजवळ मूत्राचे काही थेंब टाकून वाऱ्याखालच्या बाजूस सापळा बसवितात. येथेही तत्त्व तेच आहे.

वाट व वारा यांचे तीन प्रकार

जनावरे मनुष्याप्रमाणेच सोपी वाट पसंत करतात. गाडीरस्ता, ओढ्याचा काठ, कुंपणाची कड, टेकडीवरील खिंड या त्यांच्या नेहमीच्या वाटा होत. वाट व वारा यांचा संबंध तीन प्रकारचा असू शकतो.

पहिला प्रकार, वारा वाटेस आडवा वाहत असणे. हा सर्वांत उत्तम होय. वाटेच्या वाऱ्याकडच्या बाजूस एक-दोन मीटर अंतरावर मांडणी केली की वासाचा पट्टा वाट ओलांडून जातो. जनावर कोणत्याही दिशेने येवो, ते त्या पट्ट्यातून गेल्याशिवाय राहात नाही.

दुसरा प्रकार, वारा वाटेच्या लांबीने व जनावराच्या तोंडावर येत असणे. अशा वेळी जनावरास वास लांबूनच लागतो व ते सरळ चालत येते. मात्र त्यास विचार करण्यास पुष्कळ अवधी मिळतो. माणसाच्या वासाचा अंश राहिला असेल तर तोही त्यास लांबूनच कळतो.

तिसरा प्रकार, वारा जनावराच्या पाठीमागून येत असणे. येथे मांडणी ओलांडून पुढे गेल्यावरच त्यास वास येतो. ते कधी थबकून मागे वळते, कधी तसेच निघून जाते. म्हणून वाट वाऱ्याच्याच दिशेने जात असेल, तर अनुभवी माणूस तेथे सापळा न लावता वाट जेथे वळण घेते व वारा आडवा पडतो अशी जागा शोधतो.

ज्या प्रदेशात वारा वारंवार पालटतो तेथे रस्त्याच्या दोन्ही अंगांस एकेक मांडणी करण्याची पद्धत आहे. एक वाया गेली तरी दुसरी उपयोगी पडते.

दिवसाचा वारा आणि रात्रीचा वारा

आता या पाठातील मुख्य मुद्दा. सापळा लावतेवेळी जो वारा वाहतो तो महत्त्वाचा नसून, जनावर येण्याच्या वेळी जो वारा वाहील तो महत्त्वाचा असतो. नवशिक्या माणसाची बहुतेक फसगत येथेच होते. तो दिवसाउजेडी काम करतो, चिमूटभर धूळ सोडून वाऱ्याची दिशा पाहतो आणि त्याप्रमाणे सापळा लावून घरी जातो. कायोटी व खोकड मात्र सायंकाळपासून पहाटेपर्यंत हिंडतात आणि तोपर्यंत वारा पालटलेला असतो.

डोंगराळ मुलखात असे का होते ते पाहू. दिवसा उन्हाने डोंगराचे उतार तापतात, त्यांना लागून असलेली हवा हलकी होते व उतारावरून वर चढते. सूर्यास्तानंतर उतार लवकर थंड होतात. त्यांवरील हवा थंड व जड होऊन पाण्याप्रमाणे खाली वाहू लागते व दरीत आणि ओढ्यात उतरते. कोकणच्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांस दिवसाचे खारे वारे व रात्रीचे मतलई वारे ठाऊक आहेतच. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे व रात्री जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. डोंगर व दरी यांमध्येही असाच पालट घडतो.

उदाहरणार्थ, एक गाडीरस्ता दक्षिणोत्तर जातो असे समजा. त्याच्या पश्चिमेस टेकडी व पूर्वेस ओढा आहे. दुपारी चार वाजता वारा ओढ्याकडून टेकडीकडे, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेस वाहत आहे. सापळेकरी नियमाप्रमाणे रस्त्याच्या पूर्वेस मांडणी करतो. त्या वेळेपुरते त्याचे बरोबर आहे. पण मध्यरात्री टेकडीवरील थंड हवा ओढ्याकडे वाहू लागते. आता वास रस्त्यावर न जाता ओढ्यात उतरतो. रस्त्याने जाणाऱ्या कायोटीस काहीच कळत नाही. ओढ्यातून एखादा आलाच तर तो सापळ्याच्या विरुद्ध अंगाने येतो. तोच सापळा रस्त्याच्या पश्चिमेस, टेकडीच्या अंगास लावला असता, तर दुपारी निरुपयोगी दिसला असता परंतु रात्री उपयोगी पडला असता.

म्हणून जाणता सापळेकरी नव्या जागी आल्यावर पहिल्या दिवशी सापळा लावीतच नाही. तो सायंकाळी व पहाटे त्या जागी उभा राहून वारा पाहतो. ढगाळ वा वादळी हवेत मोठ्या वाऱ्यापुढे हा स्थानिक वारा टिकत नाही, हेही तो जाणून असतो. निरभ्र व शांत रात्री मात्र उताराचा वारा बहुधा आपले काम करतोच.

नेहमी होणाऱ्या चुका

१. भिंत, दाट झुडूप अथवा उंच बांध यांच्या आड मांडणी करणे. अशा ठिकाणी वारा भोवऱ्यासारखा फिरतो व वास कोणत्याच एका दिशेने जात नाही.

२. स्वतः जनावराच्या वाटेवरून चालत जाणे, जमिनीवर बसणे अथवा थुंकणे. तेथील लोक स्वच्छ हातमोजे घालतात, गुडघ्याखाली कापड अंथरतात आणि सापळे झाडाच्या सालीच्या पाण्यात उकळून त्यांचा वास घालवितात.

३. रोज सापळ्याजवळ जाऊन पाहणे. पाहणी दररोज अवश्य करावयाची असते, परंतु ती दुरून व शक्य तर दुर्बिणीने करतात.

४. आमिष उघड्यावर ठेवणे. त्यामुळे गिधाडे, गरुड यांसारखे पक्षी व पाळीव कुत्री सापडतात. वास दूर जावा पण आमिष दिसू नये, हा यातील दंडक आहे.

५. एका रात्रीच्या अपयशाने जागा बदलणे. आधी वारा कोणता होता ते पाहावे आणि मगच दोष शोधावा.

सापळ्याची दुसरी बाजू

पायसापळ्यात सापडलेल्या जनावरास वेदना होतात, पाय दुखावतो, आणि वेळेवर पाहणी न झाल्यास ते तहानेने व भयाने मरते. सापळा आपपर जाणत नाही. कोकरू मारणाऱ्या कायोटीऐवजी शेजाऱ्याचा राखणीचा कुत्रा त्यात सापडला, तर मेंढपाळाचे नुकसान भरून येण्याऐवजी दुप्पट होते. या कारणास्तव अनेक देशांनी या साधनावर निर्बंध घातले आहेत. इंग्लंड व वेल्समध्ये दातेरी सापळा १९५८ पासून बंद झाला. युरोपीय संघाने पायसापळ्यांचा वापर १९९५ पासून बंद केला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रत्येक राज्याचा कायदा निराळा आहे. कोलोरॅडो राज्यात १९९६ मध्ये व कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये लोकमताने त्यावर कडक बंधने आली. जेथे परवानगी आहे तेथेही परवाना, हंगाम व पाहणीची मुदत यांचे नियम पाळावे लागतात. जबड्यांस रबराची पट्टी लावलेले सापळेही तेथे वापरात आले आहेत. राखणीच्या मोठ्या कुत्र्यांचा वापरही तेथील मेंढपाळांत वाढला आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीस बंदी आहे. या कायद्यात शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. सापळ्यात धरणे, फासात पकडणे, आमिष लावणे व तसा प्रयत्न करणे हेही शिकारीतच मोडते. तेव्हा 'मारले नाही, फक्त धरले' ही सबब चालत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट ग्रामसभेत स्पष्टपणे सांगावी. एका कोकराच्या रागाने लावलेला फास शेतकऱ्यास न्यायालयाच्या दारी उभा करू शकतो.

शिवाय कोल्हा व खोकड हे निव्वळ शत्रू नव्हेत. दोघेही उंदीर खातात आणि खोकड किडेही मोठ्या प्रमाणावर खाते. ज्वारीच्या व हरभऱ्याच्या रानात उंदरांनी होणारे नुकसान ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी हा हिशेबही मांडून पाहावा.

आपल्याकडे या ज्ञानाचा उपयोग

कोल्हा वाऱ्याखालच्या बाजूने येतो, एवढे एक सूत्र हाती आले तरी पुढील गोष्टी साधतात.

प्रथम, राखण कोठे बळकट करावी हे कळते. शेळ्यांच्या वाड्याच्या चारही बाजू सारख्याच मजबूत करणे प्रत्येकास परवडत नाही. रात्री वारा ज्या बाजूस जातो त्या बाजूचे कुंपण आधी दुरुस्त करावे. जमिनीलगतची फट दगडांनी बुजवावी व पिल्ले त्या बाजूस बांधू नयेत. धनगर बांधव रात्री मेंढ्या वाघरीत कोंडतात व भोवती कुत्री ठेवतात. त्यांतील एक तरी कुत्रे वाऱ्याखालच्या अंगास राहील असे पाहावे. मात्र इतर बाजू मोकळ्या सोडू नयेत. भुकेले जनावर नियम मोडूही शकते.

दुसरे, ऋतूप्रमाणे बाजू बदलते हे ध्यानात येते. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे वारा साधारणतः पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो. हिवाळ्यात तो पठारावर बहुधा पूर्वेकडून व ईशान्येकडून येतो. म्हणजे पावसाळ्यात जी बाजू सुरक्षित वाटली तीच हिवाळ्यात धोक्याची ठरू शकते. त्यातच वाडा उतारावर अथवा ओढ्याकाठी असेल तर रात्रीच्या थंड हवेचा प्रवाह ओढ्याकडे जातो आणि शेळ्यांचा वासही त्याच वाटेने उतरतो. अशा वाड्याची ओढ्याकडील बाजू विशेष जपावी.

तिसरे, वासाचे कारणच दूर करता येते. मेलेले करडू, कोंबड्यांची पिसे व आतडी, वार इत्यादी घाण वाड्याजवळ उघड्यावर टाकल्यास तिचा वास रात्रभर वाऱ्याबरोबर दूरवर जातो. कोल्ह्यास बोलावणे पाठविण्यासारखेच ते आहे. अशी घाण वस्तीपासून व विहिरीपासून दूर, खोल खड्ड्यात पुरून वर चुना व माती टाकावी. विण्याच्या हंगामात ही दक्षता दुप्पट घ्यावी.

चौथे, खरा गुन्हेगार ओळखता येतो. वाड्याच्या वाऱ्याखालच्या बाजूस दोन हात रुंदीचा पट्टा साफ करून त्यावर चाळलेली माती पसरावी. सकाळी त्यावरील पावले पाहावीत. पुष्कळ वेळा कोल्ह्याच्या नावावर जमा केलेले नुकसान मोकाट कुत्र्यांनी केलेले असते. कोल्हा वा कायोटी यांसारखे जनावर बहुधा गळ्याशी धरते व एखादेच पिल्लू नेते. कुत्री अनेक जनावरांस मागून, पुढून, कोठेही चावे घेऊन फाडतात. कुत्र्यांचा उपद्रव असेल तर कोल्ह्यावर कितीही राग काढला तरी दुसऱ्या रात्री तेच घडणार, हे उघड आहे. वन्यप्राण्याने पाळीव जनावर मारल्याची खात्री असेल तर मृत जनावर न हलविता विनाविलंब वनरक्षकास वा वनपालास कळवावे, म्हणजे पंचनामा होऊन नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो.

करून पाहावयाचा प्रयोग

गावपातळीवरील कार्यकर्त्याने पाच-सहा पशुपालकांसह हा प्रयोग करावा. यास खर्च जवळजवळ नाही. एका वाड्याच्या चार कोपऱ्यांवर गुडघ्याएवढ्या उंचीवर चार उदबत्त्या लावाव्यात. जवळ कडबा, गवताची गंजी अथवा वाळलेला पाला नसावा. दुपारी चार वाजता, दिवेलागणीस, रात्री दहाच्या सुमारास व पहाटे, अशा चार वेळी धूर कोणत्या दिशेस जातो ते वहीत लिहावे. ओळीने तीन दिवस अशी नोंद करावी. दुपारची व रात्रीची दिशा शेजारी शेजारी मांडली म्हणजे पालट स्पष्ट दिसेल. नंतर रात्रीच्या धुराच्या बाजूस मातीचा पट्टा तयार करावा व आठवडाभर पावलांची नोंद ठेवावी. हीच नोंद पावसाळ्यात व हिवाळ्यात पुन्हा केल्यास त्या वाड्याचा वर्षाचा नकाशा तयार होईल. पुढील वर्षी नवा गोठा वा वाडा कोठे बांधावा, त्याचे दार कोणत्या बाजूस ठेवावे, हे ठरविण्यास तो उपयोगी पडेल.

सारांश

वास वाऱ्याबरोबर जातो व जनावर वासाच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे वाऱ्याकडे तोंड करून येते. अमेरिकेतील सापळेकरी या तत्त्वावर आडोसा, बीळ, सापळा व वाट यांचा क्रम ठरवितात आणि वारा वाटेस आडवा पडेल अशी जागा निवडतात. दिवसाच्या वाऱ्यावर विसंबून न राहता रात्रीचा वारा पाहणे ही त्यांच्या यशाची मुख्य अट होय. आपल्याकडे सापळ्यास कायद्याची मनाई आहे. परंतु वारा पाहण्यास कोणाचीही मनाई नाही. जो पशुपालक झोपण्यापूर्वी एकदा वारा पाहील आणि त्या बाजूचे कुंपण तपासील, त्याचे करडू सकाळी जागेवर असण्याचा संभव अधिक.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आमिष दहा पावलांवर असूनही जनावरास त्याचा वास का लागत नाही?

२. वाट व वारा यांचे तीन प्रकार कोणते? त्यांपैकी कोणता उत्तम व का?

३. दुपारी योग्य असलेली जागा मध्यरात्री अयोग्य कशी ठरते? आपल्या गावातील एखाद्या टेकडीचे व ओढ्याचे उदाहरण घेऊन सांगा.

४. कायद्याच्या दृष्टीने शिकार या शब्दात कोणत्या कृती येतात?

५. आपल्या वाड्याची कोणती बाजू पावसाळ्यात व कोणती हिवाळ्यात अधिक जपावी लागेल?